केबिनमधलं सागवान: तेल, चपडी, व्हार्निश की पीयू?

घर पुण्यात आणि बोट मांडव्याला किंवा मुंबईत असली, की केबिनच्या लाकूडकामाला वेळ मिळतो तो फक्त शनिवार-रविवारी. पॉलिश निवडताना चकाकीच्या आधी हाच हिशेब मांडायला हवा. कुठलंही पॉलिश कधीतरी बिघडणारच. ते कशाने बिघडतं आणि दोन दिवसांच्या फेरीत सुधारता येतं का, यावर निवड ठरते. केबिनमध्ये ऊन फारसं येत नाही, पण कोंडलेली दमट हवा, बुरशी आणि खिडकीच्या चौकटीतून झिरपणारं पाणी हे तिघं कायम मुक्कामाला असतात.

सध्या लाकडावर काय आहे, ते आधी ओळखा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारं बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असतं, आणि ते काढायला घासण्याचे कष्ट पडतात. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो काढायची गरजच नाही. २२० नंबरच्या पेपरने सगळीकडे सारखा मंद होईपर्यंत घासला, की त्यावर व्हार्निश नीट धरतं.

साफसफाईत घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं. समुद्रावरच्या बोटीत लाकडावर मिठाचा पातळ थर असतो आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून आधी गोड्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. बुरशीवर साधं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मारून वीस मिनिटं ठेवा, मग मऊ ब्रशने काढा. सागवानावर ब्लीच वापरू नका. त्याने रंग उडतो, रेशे उभे राहतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. कॉस्टिक सोड्याने लाकूड काळपट पडतं. स्क्रूभोवतीचे काळे डाग मात्र बुरशीचे नसतात. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की ते पडतात. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं: लिटरभर कोमट पाण्यात ४० ग्रॅम, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ब्लीचमध्ये कधीही न मिसळता. डाग गेल्यावर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊनच पेपर मारा, कारण वाळलेल्या ॲसिडची धूळ नाका-घशाला झोंबते. आणि स्क्रू स्टेनलेसचे बसवा, नाहीतर डाग परत येणार.

घासताना एक धोका आहे. केबिनला आडव्या विभागणाऱ्या भिंती बहुधा प्लायच्या असतात आणि वरचं सागवानी व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतं. त्यावर मशीन चालवलं तर कडेला आतला पांढरा थर दिसायला वेळ लागत नाही, आणि त्याला इलाज नाही. व्हिनिअरवर हातानेच, रेषांच्या दिशेने, १८० आणि मग २२०. भरीव पट्ट्या आणि जमिनीच्या फळ्यांवर १२० पासून सुरुवात करायला हरकत नाही.

आता चौघांची तुलना. तेल लावणं सगळ्यात सोपं आहे: कापडाने लावायचं, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसायचं. एका फेरीत काम उरकतं आणि ओरखडा पडला तरी तेवढ्या जागी पुन्हा लावता येतं. पण दर चार ते सहा महिन्यांनी हे करावं लागतं. शिवाय जवसाचं डबल बॉइल्ड तेल बंद केबिनमध्ये हळू वाळतं, काळवंडतं आणि त्यावर बुरशी पोसते. तेलच लावायचं असेल तर टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) घ्या. तेलाची फडकी चुरगाळून पिशवीत ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

चपडीचा सागवानावर येणारा रंग दुसऱ्या कशालाच येत नाही. घरच्या देव्हाऱ्याला ती शोभते. बोटीत मात्र गरम चहाचा कप किंवा ओला टॉवेल पडला की पांढरा डाग उमटतो, आणि दारू सांडली तर थर विरघळतोच. तरीही ती आणावी असं आम्ही म्हणतो, ती दोन कामांसाठी: जुन्या कपाटांतला कुबट वास दाबायला आतून दोन पातळ हात, आणि व्हार्निशखाली अस्तर म्हणून. अस्तरासाठी मेण काढलेलीच चपडी घ्या, नाहीतर वरचा थर पकडत नाही.

एक डब्याचं, तेलाच्या पायावरचं व्हार्निश हे आठवड्याच्या शेवटी काम करणाऱ्यासाठी आमच्या मते सर्वांत योग्य. ते थोडं लवचीक राहतं, त्यामुळे लाकूड फुगलं-आटलं तरी लगेच तडकत नाही. ओरखडा पडलाच तर तिथे ३२० मारून एक हात दिला की भागतं. पहिला हात २० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ, मग तीन हात जवळजवळ जसंच्या तसं. दोन हातांत एक रात्र जाऊ द्या, मध्ये ३२० ने हलकं घासा. शनिवारी सकाळी एक, रविवारी सकाळी एक, अशा दोन फेऱ्यांत काम संपतं. साधारण २५ फुटी बोटीत बारा चौरस मीटर लाकूड धरलं आणि लिटरमागे एका हाताला दहा ते बारा चौरस मीटर, तर साडेचार-पाच लिटर आणावं. डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा, नाहीतर बुडबुडे तसेच वाळतात. सागवानातलं नैसर्गिक तेल व्हार्निशला वाळू देत नाही, आठवडाभर ते हाताला चिकटत राहतं. म्हणून लावण्याच्या अर्धा तास आधी ॲसिटोनने पुसा. शिसवीचं काम असेल तर हे टाळूच नका.

दोन डब्यांचं पीयू (एका डब्यात पॉलिश, दुसऱ्यात ते कडक करणारं हार्डनर) सर्वांत टणक. टेबल आणि पायाखालच्या फळ्यांना तेच द्यावं. पण लाकडात पाणी शिरलं की ते पापडासारखं सुटतं आणि तुकड्यात दुरुस्त होत नाही, पूर्ण फळी घासावी लागते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची फवारणी बंद केबिनमध्ये करणं जिवावरचं आहे. साधा मास्क त्याला पुरत नाही.

सुतार मेलामाइन सुचवतील, कारण घरच्या फर्निचरला ते सर्रास होतं. दमट हवेत ते दुधाळ पडतं आणि बोटीच्या हलण्याने तडकतं. बोटीला नको.

मग काम बोटीवर करायचं की पुण्यात? स्क्रूने निघणारं सगळं, म्हणजे दारं, टेबल, फळ्या, पुण्यात आणा. पेपर, ब्रश, थिनर बोहरी आळीत मिळतात, पट्टी बदलायची असेल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची कोरडी हवा या कामाला उत्तम. एप्रिल-मे मध्ये व्हार्निश ब्रशखालीच ओढायला लागतं, तेव्हा काम सकाळी नऊच्या आत आटपा. पावसाळ्यात थांबा. बोटीवरच काम करावं लागलं तर हॅच (छतावरच्या झडपा) उघडे ठेवा आणि बॅटरी व गॅस बंद करा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते.

पुण्यात वाळलेलं लाकूड किनाऱ्यावर गेल्यावर फुगतं, हे मोजमाप घेतानाच लक्षात ठेवा. इथे अचूक बसलेलं दार तिथे अडकतं. दाराच्या दोन्ही उभ्या बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा आणि मागच्या बाजूला, कडांना, स्क्रूच्या भोकांतसुद्धा पुढच्या इतकेच हात द्या. एकाच बाजूला थर दिला तर ओलावा दुसऱ्या बाजूने शिरतो आणि फळी वाकते. प्लायच्या उघड्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे एक हात जास्तीचा द्या. आणि खिडकी गळत असेल तर व्हार्निशचा डबा उघडण्याआधी तिचं सीलंट बदला, मग त्या भागाला दोन आठवडे वाळू द्या.