कोकोपीटची पाच किलोची वीट: उन्हाळ्यात खरी, पावसाळ्यात जपून

बाल्कनीत किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांची पहिली अडचण मातीची असते. शहरात चांगली पोयटा माती सहज मिळत नाही, मिळाली तर ती चौथ्या मजल्यावर चढवायला माणूस मिळत नाही, आणि तोही मिळाला तर सोसायटीची मंडळी गच्चीवर किती वजन चढते आहे याकडे डोळे लावून बसलेली असतात. नारळाच्या काथ्याच्या भुशापासून केलेल्या कोकोपीटच्या विटांना गेल्या काही वर्षांत घरोघरी जागा मिळाली, ती याच अडचणीमुळे. तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात बांधलेली अशी पाच किलोची एक वीट पुण्यातील आमच्या बाल्कनीत आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ही वीट घेण्यासारखी आहे, परंतु वेष्टनावर ती ज्या कारणासाठी विकली जाते त्या कारणासाठी नव्हे. ‘मातीला संपूर्ण पर्याय’ असे वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि नेमका तोच दावा ती पुरा करत नाही.

नारळ सोलल्यावर निघालेल्या सोडणांतून काथ्याचे लांब धागे वेगळे केले की जो तपकिरी, हलका भुसा उरतो तो म्हणजे कोकोपीट. काथ्याच्या कारखान्यांच्या आवारात या भुशाचे डोंगर साचत असत, कारण तो लवकर कुजत नाही. आज तोच धुऊन, वाळवून, चाळून, यंत्राखाली दाबून विकला जातो. सोडण पाणी धरून ठेवते हे आपल्या कोकणातल्या बागायतदाराला कोणी सांगण्याची गरज नव्हती. माडाच्या आळ्यात सोडणे पुरून उन्हाळ्यात ओल टिकवण्याची रीत तिकडे जुनीच आहे, आणि उरलेली सोडणे बंबात किंवा पाणचुलीत जात असत. शहरातला माणूस त्याच गुणासाठी आता पैसे मोजतो, एवढाच काय तो फरक.

वीट साधारण एक फूट लांब, तेवढीच रुंद आणि चार-पाच इंच जाड असते, आणि ती इतकी घट्ट दाबलेली असते की कोरडी असताना तिचा कोपरा हाताने मोडत नाही. ती भिजवण्यासाठी मोठा टब किंवा अर्धे कापलेले पिंप लागते. घमेल्यात हा उद्योग करू नये, कारण वीट फुगू लागली की भुसा काठावरून बाहेर सांडतो आणि ओल्या भुशाचे डाग फरशीवरून लवकर निघत नाहीत. पाणी ओतल्यावर आधी काहीच होत नाही असे वाटते. मग कडेचे थर पापुद्र्यासारखे सुटू लागतात, वीट उंचीने वाढते आणि पाणी दिसेनासे होते. वरून सगळे फुगलेले दिसले तरी आत मुठीएवढा कोरडा गाभा राहून जातो, तो हाताने फोडून पुन्हा पाणी द्यावे लागते. कोमट पाणी वापरल्यास हे काम लवकर उरकते.

वीस ते पंचवीस लिटर पाण्यात सत्तर ते पंचाहत्तर लिटर भुसा तयार होतो, असे वेष्टनावर म्हटले आहे. आमचा भुसा सत्तरच्या थोडा आतच भरला, पण तक्रार करावी इतका कमी नव्हता. खरा फायदा वजनाचा आहे. पाच किलो भुसा आणि पंचवीस लिटर पाणी मिळून तीस किलो होतात आणि ते सत्तर लिटर जागेत पसरतात, म्हणजे एका लिटरमागे अर्ध्या किलोपेक्षाही कमी भार येतो. तेवढीच ओली माती दीड किलोच्या पुढे जाते. बारा इंची ग्रो बॅगेत सुमारे बावीस लिटर मिश्रण मावते, हे लक्षात घेतले तर गच्चीवर दहा-पंधरा बॅगा ठेवणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता क्षारांविषयी, कारण या वस्तूची पारख इथेच होते आणि वेष्टन नेमके इथेच गप्प बसते. नारळाच्या सोडणात पालाश आणि सोडियम मुळातच असतात. त्यातच काथ्या सुटा करण्यासाठी सोडणे किनाऱ्याजवळच्या मचूळ किंवा खाऱ्या पाण्यात कुजवली असतील, तर मिठाचे प्रमाण आणखी वाढते. चांगला उत्पादक भुसा गोड्या पाण्याने वारंवार धुतो आणि त्याची विद्युतवाहकता, म्हणजे ई.सी. (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त), मोजून ती विटेवर छापतो. आमच्या विटेवर ‘लो ई.सी.’ असे मोघम शब्द होते, आकडा नव्हता. भिजवून पिळलेले पहिले पाणी कोऱ्या चहासारखे गडद निघाले. हा रंग मुख्यतः भुशातील टॅनिनसारख्या द्रव्यांचा असतो, म्हणून केवळ रंगावरून क्षारांचा अंदाज बांधता येत नाही, परंतु त्या पाण्याला चिकट स्पर्श होता आणि ते वाळल्यावर टबाच्या कडेला पांढुरकी रेघ उमटली, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

घरच्या घरी तपासण्याची एक सोपी रीत आहे. एका वाटीत विटेचा न धुतलेला भुसा आणि दुसऱ्या वाटीत तीन-चार पाण्यांत धुतलेला भुसा घेऊन दोन्हींत मोहरी किंवा मेथी पेरावी. आमच्याकडे धुतलेल्या भुशात मेथी एकसारखी वर आली, तर न धुतलेल्या भुशात ती विरळ उगवली आणि जी उगवली तिच्या पानांच्या कडा करपल्या. त्यामुळे ही वीट धुतल्याखेरीज वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी गोणपाटाची पिशवी भुशाने भरावी, नळाखाली धरून वरून पाणी सोडावे आणि दाबून निथळवावे, म्हणजे भुसा वाहून न जाता क्षार निघून जातात. हे पाणी दुसऱ्या कुंड्यांत ओतण्याचा मोह होतो, पण तो टाळावा.

धुण्याने सगळे काम संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. या भुशाच्या कणांवर पालाश आणि सोडियम चिकटलेले असतात, आणि खतातून किंवा पाण्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम आले की भुसा ते स्वतःकडे ओढून घेतो आणि बदल्यात पालाश व सोडियम सोडतो. म्हणूनच व्यावसायिक हरितगृहांत वापरण्यापूर्वी भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून ठेवतात. घरी पालेभाजी लावणाऱ्याला एवढे करण्याचे कारण नाही. मात्र निव्वळ कोकोपीटमध्ये टोमॅटो लावला तर फळाच्या खालच्या टोकाला काळपट, खोलगट डाग पडण्याची शक्यता बरीच वाढते, कारण तो डाग फळापर्यंत पुरेसे कॅल्शियम न पोहोचल्याचे लक्षण असतो.

या विटेचा सर्वात उत्तम उपयोग रोपे तयार करण्यासाठी होतो. आपल्याकडच्या भाजीपाला रोपवाटिका टोमॅटो, मिरची आणि कोबीची रोपे ९८ किंवा १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरूनच तयार करतात, आणि त्यामागचे कारण ट्रेमधून रोप उपटताना हाताला कळते. मुळे भुशाला चारी बाजूंनी विणल्यासारखी धरून बसतात, खालून बोटाने दाबले की गड्डा अखंड वर येतो आणि पुनर्लागवडीनंतर रोप माना टाकत नाही. मातीत केलेले रोप काढताना निम्मी मुळे तुटतात, आणि ज्याने ती तुटताना पाहिली आहेत त्याला हे सुख वेगळे समजावून सांगायला नको. वांगी, मिरची आणि झेंडूची रोपे आमच्याकडे धुतलेल्या भुशात थोडे चाळलेले गांडूळखत मिसळून उत्तम झाली. केवळ या एका कामासाठी वीट घ्यायची झाली, तरी ती पैसे वसूल करून देते.

उन्हाळ्यात तिची दुसरी बाजू दिसते. एप्रिल आणि मे महिन्यांत पुण्याचे ऊन चाळिशीला टेकते, पश्चिमेच्या बाल्कनीतील निव्वळ मातीच्या कुंड्या संध्याकाळपर्यंत कडांपासून सुटतात आणि ओतलेले पाणी त्या भेगेतून थेट तळाशी निघून जाते. एक तृतीयांश कोकोपीट मिसळलेल्या कुंड्यांत ही भेग पडलीच नाही, आणि ज्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागत असे त्यांना सकाळची एक झारी पुरू लागली. सुटीत दोन-तीन दिवस गावाला जाणाऱ्यासाठी हा दिलासा लहान नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कोकोपीटचा वरचा थर लवकर वाळून फिकट होतो, त्यामुळे कुंडी कोरडी पडल्यासारखी दिसते, पण दोन बोटे आत घातली की खाली भरपूर ओल सापडते. रंग पाहून पाणी देणारा माणूस रोप बुडवणार हे नक्की.

हाच गुण जून उजाडला की अवगुण होतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या ज्या बॅगांत कोकोपीट निम्म्याहून अधिक होते, त्या आठवडेच्या आठवडे वाळल्याच नाहीत. पृष्ठभागावर हिरवे शेवाळ धरले, कुंडी हलवली की बारीक काळी चिलटे उठू लागली आणि तुळशीच्या खोडाचा बुंधा काळा पडला. चिलटांच्या अळ्या ओल्या सेंद्रिय भुशावर आणि त्यातील बुरशीवर पोसल्या जातात, म्हणून निंबोळी पेंड पसरून किंवा वर वाळूचा बोटभर थर देऊन त्यांचा बंदोबस्त काही प्रमाणात होतो, परंतु मूळ दुखणे ओलीचे आहे. कोरफड, अडेनियम आणि निवडुंगाच्या कुंड्यांत हा भुसा घालूच नये. जास्वंद आणि गुलाबासाठी पावसाळ्यापूर्वी त्याचे प्रमाण कमी ठेवावे आणि मिश्रणात जाड वाळू किंवा विटांचा चुरा वाढवावा. वेष्टनावर सर्व झाडांसाठी आणि सर्व ऋतूंसाठी एकच प्रमाण छापणाऱ्या उत्पादकाने कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पाऊस पाहिलेला नसावा.

पोषणाचा मुद्दाही यातच येतो. कोकोपीट हे खत नाही. त्यात थोडा पालाश सोडला तर झाडाच्या उपयोगाचे फारसे काही नसते. त्यातील कार्बनचे प्रमाण नत्राच्या तुलनेत फार मोठे असल्याने कच्चा भुसा कुजवणारे जिवाणू आसपासचा नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि रोपांची पाने पिवळी पडतात. काथ्या उद्योगासाठीच्या सरकारी कॉयर बोर्डाने धिंगरी अळंबीच्या कुळातील बुरशी वापरून या भुशाचे खत करण्याची पद्धत विकसित केली आहे, आणि तसे कंपोस्ट केलेले काथ्याभुशाचे खत बाजारात वेगळे मिळते. दुकानात या दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असतात आणि विक्रेता अनेकदा दोन्हींना एकच नाव देतो, तेव्हा पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्यावे. आमच्या मिश्रणात एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग माती आणि एक भाग गांडूळखत किंवा घरचे कंपोस्ट असते, त्यात मूठभर निंबोळी पेंड पडते. या हिशोबाने एका विटेत बारा इंची नऊ बॅगा आरामात भरतात, आणि तसे पाहता विटेची किंमत जड वाटत नाही.

वजनाला हलके आणि फुकट मिळणारे पर्याय आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, म्हणून तुलना करणे गरजेचे वाटते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती करून दाखवली, आणि कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून कसदार माती घडवण्याचे शास्त्र घरोघरी पोहोचवले. रसवंतीगृहातली चिपाडे आजही मागितली की मिळतात. त्यांना मुंग्या लागतात, ती आधी वाळवावी आणि कुजवावी लागतात, शिवाय ती काही महिन्यांत बसतात आणि बॅग अर्धी रिकामी होते. कोकोपीट तसे बसत नाही, हा त्याचा मोठा गुण. उलट, कुजलेला पालापाचोळा झाडाला खाऊ घालतो आणि कोकोपीट फक्त पाणी पाजते. ज्याच्याकडे पाला साठवायला गच्ची आणि थांबायला सवड आहे, त्याने वीट विकत घेण्याची घाई करू नये. ज्याच्याकडे केवळ बाल्कनी आहे, त्याला विटेवाचून दुसरा सुटसुटीत मार्ग मला दिसत नाही.

बांधणीविषयी थोडी नाराजी आहे. विटेवर उत्पादनाचा महिना नव्हता, ई.सी.चा आकडा नव्हता आणि धुण्याविषयी एक ओळही नव्हती. भुशात लांब धाग्यांचे गुंते आणि करवंटीचे तुकडे निघाले. कुंडीत ते चालतात, किंबहुना हवा खेळती ठेवतात, पण रोपांच्या ट्रेसाठी भुसा चाळून घ्यावा लागला. ज्यांच्याकडे चार-सहाच कुंड्या आहेत त्यांनी पाच किलोच्या फंदात न पडता साडेसहाशे ग्रॅमची लहान वीट घ्यावी. ती बादलीत भिजते, आठ-नऊ लिटर भुसा देते आणि उरलेल्या ओल्या भुशाचे काय करायचे हा प्रश्न पडत नाही. मोठी वीट घेतलीच, तर ती करवतीने कोरडीच कापून हवा तेवढा तुकडा भिजवता येतो आणि बाकीची वीट कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते.

हंगाम संपल्यावर बॅगेतले मिश्रण फेकण्याचे कारण नाही. मुळांचे जाळे काढून ते दोन-चार उन्हे खाऊ द्यावे, एकदा धुऊन घ्यावे आणि नवे कंपोस्ट मिसळून पुन्हा भरावे. पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा पाच किलोचीच वीट घेणार आहे, मात्र या उत्पादकाची नव्हे, तर जो ई.सी.चा आकडा छापतो त्याची.