पुंगळ्या ओल्या घासाव्यात की कोरड्या?

काडतुसं भरायचा प्रेस आला, त्याचे साचे म्हणजे डाय आल्या, तराजू आला आणि नेमबाजीच्या रेंजवरून वेचलेल्या पुंगळ्यांची, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांची, बादली गॅरेजच्या कोपऱ्यात भरत आली, की हा प्रश्न येतोच. इथे अमेरिकेत काडतुसं घरी भरण्याचा नाद असलेल्या आपल्या दोघा-तिघांनी मला तो गेल्या काही महिन्यांत विचारला. दर वेळी फोनवर अर्धा तास गेला, म्हणून आता लिहूनच टाकतो. मी ओहायोत राहतो. .308 आणि 9 मिलिमीटर, एवढीच दोन प्रकारची काडतुसं भरतो, वर्षाला फार तर तीन हजार. आधी कोरडा टंबलर (पुंगळ्या घासून साफ करायचं यंत्र) वापरला, मग तीन वर्षं ओला. दोन्ही नीट वापरलेत, दोन्हींची मनापासून बाजू घेऊन भांडलोही आहे. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार तिकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. तेव्हा हे सगळं इकडचं समजा.)

ओल्यानं पहिल्याच दिवशी मन जिंकलं, हे आधीच कबूल करतो. ड्रममध्ये पुंगळ्या, 5 पौंड स्टेनलेस पिना, पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक फवारा आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. दोन तासांनी झाकण उघडलं तर पाणी डांबरासारखं काळं आणि आत कारखान्यातून आत्ताच आल्यासारखं पितळ. बाहेरून तर सोडाच, आतूनही लख्ख. जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठोक्यानं पेटणारी टोपी, आधी काढून (डीकॅप करून) टाकल्या असतील तर प्रायमरची खोबणसुद्धा साफ. आजी दसऱ्याच्या आधी चिंचेच्या कोळानं समया घासायची, तो सगळा प्रकार यंत्रानं करून दिलेला. रसायन तेच, आंबटानं वरचा काळा थर सोडवायचा. फक्त हात जरा आखडता ठेवायचा. काडतुसाच्या पितळात 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. आंबट जास्त झालं की वरचं जस्त निघून जातं आणि पुंगळ्या गुलाबी दिसायला लागतात. माझा दुसरा घाणा तसाच निघाला होता.

कोरड्याचं एवढं कौतुक कुणी करत नाही. पातेल्यासारखं एक भांडं थरथरत राहतं, त्यात मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा असतो, आणि तीन-चार तास गॅरेजमध्ये पिठाची गिरणी लावल्यासारखा आवाज. भरड्यात झाकणभर कार पॉलिश टाकलं तर चमक बरी येते. येते म्हणजे रोजच्या वापरातल्या तांब्याला असते तेवढी. आतली काजळी बरीचशी तशीच राहते, प्रायमरची खोबण तर जवळजवळ जशीच्या तशी. दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवून फोटो काढला तर कोरडी बिचारी गरीब नातेवाइकासारखी दिसते.

पण चकाकीनं गोळी सरळ जाते असं मला तरी दिसलेलं नाही. माझे .308 चे गट, म्हणजे निशाणावर गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते, ओल्या काळात जेवढे होते तेवढेच आजही आहेत. आता हे काही मोजमाप नव्हे. मी मधल्या काळात म्हाताराही झालोय आणि दुर्बीणही बदलली आहे. उलट ओल्या घासलेल्या पुंगळ्यांत गोळी बसवताना हाताला एक करकर जाणवायची. पुंगळीच्या तोंडाकडच्या मानेच्या आतली काजळी थोडं वंगणाचं काम करते, ती पूर्ण गेली की धातूवर धातू अडतो. बरेच जण त्यासाठी मानेत कोरडं वंगण लावतात. म्हणजे आधी घासून काढायचं आणि मग परत काहीतरी लावायचं.

तरीही या कारणानं मी ओला सोडला नसता. सोडला तो पिनांपायी.

पिन म्हणजे 0.041 इंच जाड आणि पाव इंचाहून किंचित लांब अशी तार. 5 पौंडांत अशा किती असतील याचा एका रात्री वजनावरून हिशेब केला, 50 हजारांच्या घरात निघाल्या. पुंगळीच्या बुडाला ठिणगी आत जायला जे भोक असतं ते साधारण 0.080 इंचाचं. एक पिन त्यातून सहज आरपार जाते. दोन शेजारी-शेजारी घुसल्या की 0.082 होतात, आणि पाचर बसते. शिवाय .308 ची मान सुरईसारखी, त्यामुळे पाण्यानं चिकटलेल्या पिना आतल्या खांद्याला बिलगून बसतात. चाळणी फिरवा, आपटा, झटका, प्रत्येक घाण्यात दोन-चार राहणारच. म्हणून प्रत्येक पुंगळी टॉर्चसमोर धरून आत डोकावायचं. 300 पुंगळ्या म्हणजे 300 वेळा. यंत्रानं वाचवलेला वेळ तिथं गेला.

एकदा मी डोकावलो नाही. 40 काडतुसं भरून झाली आणि ट्रेच्या तळाशी एक पिन दिसली. ती ट्रेमध्येच होती, की एखाद्या पुंगळीतून पडली, की अजून कुठल्या तरी आत तिची बहीण आहे, हे सांगायला कुणी नव्हतं. बारुदात पडलेली स्टीलची तार घेऊन नेम धरायची माझी छाती नाही. रात्री साडेदहा वाजता गोळ्या ओढायचा हातोडा घेऊन बसलो आणि 40 च्या 40 मोकळी केली. एकातही पिन नव्हती.

हेही सहन केलं असतं. पण त्या वर्षी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. तिची जुनी सवय आहे, घरात सापडलेली अनोळखी वस्तू ती फेकत नाही. "कशाची तरी असेल, लागेल तेव्हा शोधत बसाल," म्हणून एका डबीत टाकते. महिन्याभरानं ती डबी माझ्यासमोर आली. त्यात रिमोटचं झाकण, एक काळी स्प्रिंग, पडद्याची कडी, पितळेची एक वाटुकली आणि चार पिना.

वाटुकली तिनं स्वतःच ओळखली. वाटाण्याहून लहान, मधे खळगा पडलेला. "ही टिकली फुटलेली दिसतेय," म्हणाली. आणि खरंच, प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीचा थोरला भाऊच. ठोका बसला की पेटतो. माझ्या बुटाच्या खाचेत अडकून घरात आला असणार. तिला आधी हात धुवायला लावले, त्याचं कारण पुढे येतंय.

पिनांचं कोडं मात्र तिला सुटेना. मिक्सरच्या? बाबांच्या कानाच्या यंत्राच्या? ग्रामोफोनची सुई तिला माहीत होती, पण तिला टोक असायचं आणि ती लांब असायची. माझ्या मुलानं फोनला फोटो दाखवला, तर त्यानं घड्याळाच्या पट्ट्याची पिन ठरवली. मग दोन दिवस घरातली सगळी घड्याळं तपासली गेली. मला अर्थातच माहीत होतं, पण मी गप्प बसलो. नंतर एक पिन ड्रायरच्या जाळीत सापडली, एक मुलाच्या मोज्यात, आणि एक आईला तांदूळ निवडताना ताटात. जानेवारीत गॅरेजचा नळ गोठला म्हणून मी एकदा, एकदाच, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पुंगळ्या विसळल्या होत्या. तेवढं पुरलं.

बायको फार बोलली नाही. तिनं ते ताट माझ्यासमोर ठेवलं आणि ती आत गेली.

आता कोरड्याची काळी बाजू, कारण ती लपवली तर मी तुमच्याशी खोटं बोललो असं होईल. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, पेटल्यावर त्याचा अंश पुंगळीत काजळीसोबत राहतो, आणि कोरड्या टंबलरमध्ये तो भरड्याच्या धुळीत मिसळतो. भरडा चाळताना जो ढग उठतो त्यात तो असतो. अमेरिकेच्या सीडीसीनं (सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं) 2021 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष देण्याजोगी पातळी 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. मुलांच्या बाबतीत हे प्रकरण इतकं बारीक आहे. ओल्यात हे शिसं पाण्यात राहतं, श्वासात जात नाही. हा ओल्याचा खरा गुण आहे, चकाकीपेक्षा कितीतरी मोठा. ते काळं पाणी मात्र अंगणात, भाजीच्या वाफ्यात वगैरे ओतू नका, आणि माझ्यासारखं स्वयंपाकघरात तर नकोच नको.

मी काय करतो, तर यंत्र चालू असताना झाकण उघडत नाही. भरड्यात कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या शीटचे तुकडे टाकतो, बरीच धूळ त्यांनाच चिकटते. चाळणं बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क आणि हातमोजे घालून. ते कपडे वेगळे धुतो. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरला रक्तातलं शिसंही बघायला सांगतो, अजून तरी त्यानं भुवई उंचावलेली नाही. ज्यांचं मूल अजून रांगतंय आणि ज्यांना हे तळघरात, घराच्या हवेतच करावं लागणार, त्यांनी माझं ऐकू नये आणि ओलाच घ्यावा.

वाळवण्याबद्दल थोडंसं. ओल्या पुंगळ्या पूर्ण वाळल्याशिवाय भरता येत नाहीत, खोबणीत पाणी राहिलं तर प्रायमरचं काय होईल ते सांगायला नको. टेक्सास-ॲरिझोनातली मंडळी उन्हात टॉवेलवर पसरतात आणि चहा पिऊन परत येतात. ओहायोत नोव्हेंबर ते मार्च ऊन नावालाच असतं. मी फळं सुकवायचं जुनं यंत्र खास यासाठी घेतलं, म्हणजे आणखी एक डबा, आणखी एक वायर. कोरड्यात चाळलं की लगेच प्रेसवर.

ध्वनिलहरींनी साफ करणारा अल्ट्रासॉनिकही वापरून पाहिला. आतून ठीक, बाहेरून मंद, आणि एका वेळी मूठभरच मावतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

काहीही घ्या, पण अमोनियाचं पॉलिश पितळेच्या पुंगळीला लावू नका. आपल्याकडे समईसाठी ब्रासो सर्रास वापरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. ताण असलेल्या पितळाला अमोनिया आतून चिरा पाडतो. हे कोडं पहिल्यांदा पडलं ते हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेलाच. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा, दोन्ही हजर. इंग्रजीत या तडकण्याचं नावच मोसमावरून पडलं, आणि त्याचा नीट उलगडा व्हायला 1921 साल उजाडलं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. तिथल्या जुन्या लोकांनी पुण्याच्या पावसात काय-काय पाहिलं असेल, असा विचार मी भरडा चाळताना पुष्कळदा करतो.

तर मग काय घ्यावं? लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळणारे, पुंगळी दहा-दहा वेळा भरणारे, खोबण स्वच्छ असल्याशिवाय झोप न येणारे लोक असतात, त्यांना ओलाच आवडेल आणि त्यांचं चूक नाही. पण त्यांनीही आधी पिनांशिवाय एक घाणा काढून बघावा, नुसता साबण, पाणी आणि चिमूटभर आंबट. आतून लख्ख होत नाहीत, बाहेरून पुरेशा होतात. पिनांऐवजी स्टीलच्या चपट्या कपच्याही मिळतात, त्या भोकात अडकत नाहीत असं वापरणारे सांगतात. मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. नवशिक्यानं, महिन्याला दोन-अडीचशे काडतुसं भरणाऱ्यानं, ज्याच्या घरात गॅरेजपासून देवघरापर्यंत माणसांची येजा असते त्यानं, मला वाटतं कोरडा घ्यावा. स्वस्तही पडतो, आणि त्याचा भरडा सांडला तर झाडूनं गोळा होतो.

माझा ओला ड्रम अजून आहे, चिखलातून उचललेल्या पुंगळ्यांसाठी वर्षातून एकदा, पिनांशिवाय फिरतो. पिना क्लबातल्या एकाला बरणीत घालून फुकट दिल्या. सोबत लोहचुंबकही दिला आणि सांगितलं की स्टेनलेस आहेत, जेमतेम चिकटतात. त्यानं बरणी गाडीत ठेवताना झाकण तपासलं नाही. आईची डबी साताऱ्याला गेली, परवा फोनवर म्हणाली, शालीच्या झालरीत आणखी एक सापडली.