‘लाइफटाइम फ्री’ म्हणून गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड

शाखेत बँकेच्या नावाचा पट्टा गळ्यात घालून बसलेला माणूस बँकेचा कर्मचारी असतोच असं नाही. बऱ्याचदा तो डीएसए असतो, म्हणजे कार्ड आणि कर्ज खपवायला कमिशनवर नेमलेल्या एजन्सीचा माणूस. नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत अशाच एकाने मला फसवलं. रक्कम काही लाखांत नव्हती, पण काम इतकं सफाईने झालं की हे तो रोज कुणाशी तरी करत असणार. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्हाला घरखर्चासाठी एक कार्ड हवं होतं. किराणा, लाइट बिल, पेट्रोल, मुलीच्या क्लासची फी आणि वर्षाकाठी विम्याचा हप्ता, एवढाच आमचा खर्च. त्या बँकेची चार कार्डं मी वहीत शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक सवलतीचे रुपये काढले. ‘दहापट पॉइंट’ ऐकायला मोठं वाटतं. पण शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर हजाराच्या खरेदीवर हातात अडीच रुपये येतात. दहापट केले तरी २५, तेही ठरावीक ॲपवरून खरेदी केली तर. पेट्रोलवर पॉइंटच नाहीत, विमा आणि लाइट बिलावर महिन्याची मर्यादा. पेट्रोलचा एक टक्का सरचार्ज माफ होतो, त्यावरचा जीएसटी माफ होत नाही. विमानतळावरचं लाउंज हवं तर आधीच्या तिमाहीत ठरलेला खर्च झालेला हवा. हे सगळं मांडल्यावर आमच्यासाठी सगळ्यात खालचं, बिनफीचं कार्डच बरोबर होतं. तेच नाव कागदावर लिहून मी शाखेत गेले.

‘‘ताई, एकदम बरोबर निवडलंत. लाइफटाइम फ्री आहे, आयुष्यभर एक रुपया लागणार नाही,’’ असं म्हणत त्याने टॅब पुढे ओढला आणि स्वतःच अर्ज भरायला घेतला. पाठोपाठ ओटीपी येत गेले. पहिला मोबाइलचा, दुसरा आधारचा, तिसरा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक बघायचा, आणि ‘‘आता हा शेवटचा, फॉर्म सबमिट करायचा.’’ या शेवटच्या मेसेजमध्ये अटी मान्य असल्याची संमती होती आणि कार्डाचं नावही होतं. मेसेज येताच तो म्हणायचा, ‘‘आकडा सांगा पटकन, सेशन जाईल.’’ ही घाई मुद्दाम होती. मेसेज वाचून होऊ नये, एवढ्यासाठीच.

कार्ड आलं ते काळं, जाड आणि भलत्याच नावाचं. त्या एजंटला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘‘तुमचा सिबिल भारी आहे, म्हणून बँकेने अपग्रेड दिलंय. फी शून्यच. फक्त ॲपमध्ये पिन सेट करून ठेवा, नाहीतर कार्ड बंद पडेल.’’

ग्यानबाची मेख इथे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी निर्देश काढले. त्यानुसार कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ते सुरू केलं नाही, तर बँकेला ग्राहकाकडून ओटीपीने संमती मागावी लागते. ती मिळाली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड विनाशुल्क बंद करावं लागतं. पिन सेट झाला की कार्ड सुरू झालं आणि हा मार्ग संपला. म्हणून तुमच्याकडे न मागितलेलं कार्ड आलं, तर पिन, ॲप, एक रुपयाचा व्यवहार, यातलं काहीही करू नका. आधी बँकेला लेखी कळवा.

पहिल्या बिलात जॉइनिंग फी २,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५०, आणि खाली ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन’ नावाची आणखी एक रक्कम. आम्ही कार्डावर एक पैसाही खर्च केला नव्हता. आता एजंटचा सूर बदलला: वेलकम व्हाउचरमधून फी वसूल होते, वर्षात अमुक लाख खर्च केले की पुढची माफ. त्यानंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

तेवढी फी भरून टाक आणि विषय संपव, असं घरात सगळे म्हणत होते. मला ते पटेना. बिलाच्या देय तारखेआधीच बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल केला, तक्रार क्रमांक घेतला आणि माझ्या अर्जाची प्रत मागितली. बिलावर हरकत घेतली की ३० दिवसांच्या आत खुलासा आणि लागेल तिथे पुरावा देणं बँकेवर बंधनकारक आहे. वादाची रक्कम गप्प राहून थकवली, तर लेट फी लागते आणि व्याज चढतं. हे व्याज बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या पुढे जातं. म्हणून हरकत नेहमी लेखी आणि तारखेच्या आत घ्या.

अर्जाची प्रत आली आणि सगळं उघड झालं. कार्डाच्या रकान्यात ते काळं कार्ड. प्रोटेक्शन प्लॅनपुढे ‘होय’. आणि ईमेलच्या रकान्यात माझं नाव, आडनाव आणि पुढे दोन आकडे असलेला पत्ता, जो मी कधी काढलाच नाही. फी, व्याजदर आणि दंड एका पानावर मांडलेलं जे माहितीपत्रक बँकेने अर्जासोबत द्यायचंच असतं, ते या पत्त्यावर गेलं होतं. मला ते दिसूच नये, अशी तजवीज पहिल्या मिनिटालाच झाली होती. वरच्या कार्डावर कमिशन जास्त मिळतं, हे त्याच शाखेतल्या एका बाईंनी मला हळूच सांगितलं.

तो खोटा पत्ता पुरावा म्हणून जोडल्यावर बँकेने फी, जीएसटी आणि प्लॅनचे पैसे परत केले. बाकी शून्य झाल्याबरोबर मी कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. कार्डावर काही देणं उरलं नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँक ग्राहकाला ५०० रुपये देणं लागते. माझं मुदतीत बंद झालं.

संमतीशिवाय कार्ड दिलं किंवा अपग्रेड केलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यावी, असंही निर्देशांत आहे. तो दंड मागितल्यावर बँकेचं उत्तर आलं, ‘ओटीपीने संमती नोंदलेली आहे.’ बँकेच्या अशा उत्तराने समाधान झालं नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. माझी तक्रार तिथे दाखल आहे, सोबत अर्जाची प्रत, तो ईमेल पत्ता आणि ओटीपीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. त्या अर्जासाठी बँकेने माझा सिबिल पाहिल्याची नोंद सिबिलच्या अहवालात अजूनही दिसते. मला हवं असलेलं बिनफीचं कार्ड मी अजून घेतलेलं नाही. घेईन तेव्हा बँकेच्या ॲपमधून, अर्ज स्वतः भरून घेईन.