विंडोजशेजारी लिनक्स मिंट: काही महिने वापरल्यावर

विंडोज असलेल्या संगणकावरच मी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकली, म्हणजे ड्युअल बूट केलं; सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायची. इन्स्टॉल कसं करायचं याची माहिती ढिगाने मिळते, म्हणून ते थोडक्यात. बॅकअप घेतला, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवली, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) केला आणि मोकळ्या झालेल्या जागेत मिंट टाकलं. ईएफआय पार्टिशन, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा छोटा भाग, दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात, ते फॉरमॅट करायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी सोपं आहे.

खरी गंमत नंतर सुरू होते. फायली दोन्हीकडून उघडाव्यात म्हणून एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइल-मांडणीचं) एक वेगळं पार्टिशन ठेवलं, कारण मिंटची एक्स्ट४ ही मांडणी विंडोजला थेट वाचता येत नाही. मात्र विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर साठवून झोपी जातं. मग मिंटमध्ये तेच पार्टिशन एक तर नुसतं वाचायला मिळतं, नाहीतर उघडतच नाही. रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलं की मात्र सगळं सुरळीत, कारण रीस्टार्टला ही युक्ती लागू नाही. म्हणूनच हा घोळ पटकन लक्षात येत नाही. फास्ट स्टार्टअप सरळ बंद करून टाका, सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागले तर लागू देत.

घड्याळाचंही तसंच. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). सिस्टिम बदलली की वेळ काही तासांनी सरकलेली. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक नोंद करून विंडोजलाच यूटीसीवर आणलं, तेव्हापासून शांतता आहे.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी ग्रबचा, म्हणजे सिस्टिम निवडायचा, मेनू न दिसता थेट विंडोज सुरू होतं. ग्रब बहुतेक वेळा जागेवरच असतो, यूईएफआयमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बूटचा क्रम बदलला की परत येतो. पण दर वेळी एवढ्यावर भागेलच असं नाही. ऑगस्ट २०२४च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर, सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना. त्यामुळे मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह, ज्यावरून मिंट थेट सुरू करता येतं, मी पुसलेला नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही, मराठी टायपिंगलाही इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखंच चालतं. कंटाळा येतो तो रीस्टार्टचा. एका फायलीसाठी सगळं बंद करून पलीकडे जायचं जिवावर येतं, मग ते काम उद्यावर जातं. माझा बराचसा वेळ आता मिंटमध्येच जातो. विंडोज उरलंय व्हिडिओ एडिटिंगपुरतं आणि अँटी-चीटमुळे (फसवेगिरी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) लिनक्सवर न चालणाऱ्या एका खेळापुरतं. तुम्हाला दुसरी सिस्टिम अधूनमधून एखाद्या साध्या सॉफ्टवेअरसाठीच लागत असेल, तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सिस्टिमच्या आत खिडकीत चालणारी दुसरी, बरी, डिस्कला हात लावायची गरजच नाही. पण तिथे ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण जोर सहजासहजी मिळत नाही आणि माझं एडिटिंग नेमकं त्यावरच अडतं, त्यामुळे माझ्या मशीनवर दोन्ही राहणार.