संकटाच्या दिवसांसाठी मराठी बायबल: छापील प्रत, छोटा नवा करार की ॲप?

ऑपरेशनची तारीख ठरते, नोकरी जाते, घरातलं कुणी अंथरुणाला खिळतं आणि धीर देणारं वचन शोधायला हात आधी मोबाईलकडे जातो. यूव्हर्जनचं बायबल ॲप त्यासाठी चांगलंच आहे. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, मराठी भाषांतरं एकाहून अधिक आहेत आणि डाउनलोड करता येणारं भाषांतर आधी उतरवून ठेवलं तर रेंज नसतानाही वाचता येतं. तरीही भीतीच्या काळात मुख्य आधार म्हणून आमची शिफारस बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या छापील ‘पवित्र शास्त्रा’ची आहे.

कारण ॲप रोज एकच वचन पुढे करतं, आणि धैर्याची वचनं एकेकटी वाचली की अर्धवट राहतात. स्तोत्र २७ घ्या. परमेश्वर माझा प्रकाश आहे, मग मी कोणाला भिऊ, हे पहिलं वचन सुंदर चित्रावर छापून सगळीकडे फिरतं. पण सातव्या वचनापासून सूर पालटतो. आपलं मुख माझ्यापासून लपवू नकोस, अशी विनवणी सुरू होते, बाराव्यात खोटे साक्षीदार उठलेले दिसतात आणि चौदाव्यात प्रतीक्षा करायला सांगितलं जातं. फक्त पहिलं वचन पाठ असलेल्याला रात्री दोन वाजता पुन्हा धडकी भरली की वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. छापील पानावर चौदाही वचनं एका दृष्टिक्षेपात येतात, आणि घाबरून धावा करणं हाही त्याच स्तोत्राचा भाग आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बायबलमधल्या यहोशवा या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाचं असंच आहे. ‘खंबीर हो, हिंमत धर’ हे शब्द तिथे चार वेळा येतात: ६, ७, ९ आणि १८ या वचनांत. पहिल्या तीन वेळा देव बोलतो. चौथ्या वेळी मात्र तेच शब्द लोक यहोशवाला, म्हणजे मोशेनंतरच्या आपल्या पुढाऱ्याला, ऐकवतात. बहुतेक जण नवव्या वचनावर थांबतात आणि हे त्यांच्या नजरेतून निसटतं. अध्याय सुरू होतो तो मोशे मरण पावला या बातमीने, आणि आठव्या वचनात रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करायला सांगितलं आहे. म्हणून हा अध्याय अठराही वचनांसह मोठ्याने वाचावा, आणि त्याच दिवशी पाळकांना किंवा मंडळीतल्या दोघा-तिघांना घरी बोलवावं. चौथा आवाज माणसांचाच आहे.

आणखी एक चूक जास्त महागात पडते: वचन म्हणजे निकालाची हमी समजणं. दानीएल ३ मधलं १७ वं वचन एकटं वाचलं तर आपला देव अग्नीच्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, एवढंच हाती लागतं. १८ व्यात भट्टीत टाकले जाणारे तिघे यहुदी तरुण राजाला म्हणतात की देवाने तसं केलं नाही, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. आजाऱ्याला १७ वं ऐकवून १८ वं गाळू नका. रिपोर्ट वाईट आला तर त्याला उभं राहायला त्या १८ व्याचीच गरज पडते.

आता खुद्द प्रतीविषयी. कागद फार पातळ असतो, जेल पेनची शाई मागे उतरते. खुणांसाठी मऊ शिसपेन्सिल किंवा कोरडी रंगीत पेन्सिल वापरा. नव्या प्रतीच्या सोनेरी कडा चिकटलेल्या असतील तर पानं एकेक करून अलगद सोडवा, ओढू नका. पावसाळ्यात बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर आत दमटपणा कोंडतो आणि पानं लहरतात. सुती फडक्यात गुंडाळलेली बरी. दुकानात प्रत मधोमध, स्तोत्रसंहितेच्या आसपास, उघडून टेबलावर ठेवा. हात काढल्यावर मिटत असेल तर आजाऱ्यासाठी घेऊ नका. अक्षर ट्यूबलाइटखाली, हात लांब धरून वाचून पाहा.

सलाईन लावलेल्या हाताला पूर्ण बायबल पेलत नाही. तिथे स्तोत्रसंहिता जोडलेला छोटा नवा करार सोयीचा. मत्तय १४ त्यात आहेच: वादळात, रात्रीच्या चौथ्या प्रहरी येशू ‘धीर धरा’ म्हणतो, आणि बुडू लागलेल्या पेत्राची प्रार्थना जेमतेम तीन शब्दांची आहे. लांब प्रार्थना सुचत नसेल त्याला हे आवर्जून दाखवा. पण यहोशवा, यशया आणि दानीएल ही जुन्या करारातली पुस्तकं त्यात नाहीत. म्हणून यहोशवा १:९ व १८, यशया ४१:१० आणि दानीएल ३:१७-१८ पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून आत ठेवा.

‘पवित्र शास्त्रा’ची भाषा मात्र ग्रांथिक आहे. सवय नसलेला वाचक लांब वाक्यांत अडखळतो. त्याच्यासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवावं. ॲपही इथे कामी येतं: अवघड वचन दुसऱ्या मराठी भाषांतरात लगेच ताडून पाहता येतं. फक्त वाचायला बसताना फोनच्या सूचना बंद करा, नाहीतर स्तोत्राच्या मध्येच कामाचा मेसेज डोकावतो. रोजच्या वचनाची सूचना ठेवायची असेल तर वचनावर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडा. चित्र पुढे पाठवण्याआधी एवढं कराच.

प्रत भेट देणार असाल तर पहिल्या कोऱ्या पानावर लांबलचक मजकूर नको. तारीख, देणाऱ्याचं नाव आणि ‘स्तोत्र २७, पूर्ण’ एवढं लिहा, आणि त्या स्तोत्राच्या पानाशी फीत घालून ठेवा.