केपोसला (कोस्टा रिका) फिशिंगला जाणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा

डिसेंबर ते एप्रिल हा कोस्टा रिकाचा कोरडा सीझन, त्यामुळे अमेरिकेतले आपले बरेच लोक ख्रिसमसच्या सुट्टीत तिकडे जातात, डलासहून चारेक तासांची फ्लाइट, मुलांना माकडं आणि स्लॉथ बघायला मिळतात आणि वयस्कर मंडळींनाही झेपतं. आम्हीही गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि भारतातून आलेले सासरे. केपोसमध्ये आम्हाला चारशे डॉलरला गंडवलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण ज्या पद्धतीने गेले ती पद्धत इतकी ठरवून बसवलेली आहे की उद्या तुमच्यापैकी कुणाचंही तेच होईल, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

केपोस म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरचं छोटं बंदर. १९३० च्या दशकात युनायटेड फ्रूट कंपनीने केळी बाहेर पाठवायला ते उभं केलं, पुढे केळीवर रोग पडला आणि त्या जमिनीवर पाम लावले, आजही गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोनमैल तेच दिसतात. आता गाव चालतं दोन गोष्टींवर, गळाने मासे पकडणारे टुरिस्ट आणि सात किलोमीटरवरचं मान्युएल आंतोनियो नॅशनल पार्क. सेलफिशसाठी तर जगभरातून लोक तिथे येतात. बाबा (माझे सासरे) मालवणचे, समुद्राशेजारीच वाढलेले, त्यांना एकदा तो पाठीवर शिडासारखा पंख असलेला मासा जिवंत बघायचा होता, ट्रिपमधली त्यांची मागणी एवढीच.

पहिल्या संध्याकाळी गावात समुद्राच्या भिंतीवरून फिरताना एक माणूस भेटला. टी-शर्टवर मार्लिनचं चित्र, गळ्यात आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेल्या फोटोंचा अल्बम, इंग्लिश छान. आणि हे नीट लक्षात घ्या, तो जे सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. सेलफिश कायद्याने सोडूनच द्यावा लागतो म्हणाला, खरं आहे. फोटोसाठी त्याला बोटीत ओढून घेता येत नाही, हेही खरं. गळ धरणाऱ्या प्रत्येकाला सरकारी लायसन्स लागतं, तेही खरं. मी फोनवर एकेक चेक करत होते आणि प्रत्येक गोष्ट बरोबर निघत होती, त्यामुळे समोरचा माणूसही बरोबरच वाटायला लागतो, आणि ह्या लोकांचा सगळा धंदाच त्यावर आहे. नियम खरे सांगायचे आणि त्या नियमांच्या आडून पैसे काढायचे.

अल्बममध्ये पांढरी मोठी बोट, निळा पट्टा, वर सावली, खाली टॉयलेट, दोन इंजिनं. पूर्ण दिवस साडेआठशे डॉलर, लायसन्स, जेवण, डिझेल सगळं आत. उद्याची एकच बोट उरलीय, चारशे आत्ता द्या, बाकीचे बोटीवर कॅश. कार्ड मशीन बिघडलंय म्हणाला. तिथले लोक आपल्या यूपीआयसारखं सिनपे मोव्हिल वापरतात पण त्याला तिथलं बँक अकाउंट लागतं, तर तो म्हणाला तुम्ही अमेरिकेतले ना मग झेल (Zelle, अमेरिकेत एका बँकेतून दुसरीत थेट पैसे पाठवायची सोय) करा, माझ्या भावाचं अकाउंट फ्लोरिडात आहे. नवऱ्याने झेल केलं. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर तारीख, रक्कम आणि एक सही, बोटीचं नाव कुठेच नाही.

सकाळी साडेपाचला मरीना पेस व्हेलाच्या (मरीना म्हणजे बोटी लावायचा धक्का) पार्किंगमध्ये बोलावलं होतं. कालचा माणूस आलाच नाही, मोटरसायकलवरून दुसराच एक मुलगा आला, म्हणे मोठ्या बोटीचं इंजिन रात्री बिघडलं, दुसरी तयार आहे, माझ्यामागे या. मरीना सोडून तो आम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला खाडीकाठी घेऊन गेला. तिथे चिखलात टेकलेली एक उघडी होडी, तिकडे पांगा म्हणतात तसली, एक इंजिन, सावली नाही, टॉयलेटचा तर प्रश्नच नाही. बाबांनी सगळ्यात आधी लाइफ जॅकेटं बघायला मागितली. फळीखालून तीन निघाली, एकाचा पट्टा तुटलेला, दुसऱ्याचं कापड उन्हाने इतकं कुजलेलं की बाबांनी चिमटीत धरून ओढलं तर आतला फोम बाहेर आला. लहान मुलांचं एकही नाही. बाबा आमच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "ह्या होडयेत चेडवाक बसवचा नाय."

वर तो मुलगा लायसन्सचे माणशी पन्नास डॉलर मागायला लागला, आठ वर्षांच्या लेकीचेसुद्धा, नाहीतर कोस्ट गार्ड दंड करेल म्हणे. खरं लायसन्स इन्कोपेस्का नावाचं सरकारी खातं देतं, थोड्या दिवसांचं पंधरा डॉलरच्या आसपास, ऑनलाइन निघतं आणि त्यावर तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर असतो. ह्या मुलाने पासपोर्ट विचारलासुद्धा नाही!

आम्ही म्हटलं ह्या होडीत आम्ही येत नाही, पैसे परत द्या. त्यावर त्याने लगेच फोन लावून दिला आणि पलीकडून कालचाच माणूस अगदी शांतपणे म्हणाला की बोट तयार आहे, कॅप्टन तयार आहे, ट्रिप तुम्ही रद्द करताय, आणि ऐनवेळी रद्द केलं तर ॲडव्हान्स परत मिळत नाही. तेव्हा सगळा डाव कळला. त्यांना आम्हाला समुद्रावर न्यायचंच नव्हतं. होडी मुद्दाम अशी दाखवायची की कुठलेही आईबाप नाहीच म्हणतील, आणि नाही तुम्ही म्हटलंत की पैसे त्यांचे. डिझेल जाळायला नको, काही नको. आणि आठ वर्षांची पोर समोर उभी असताना जो माणूस तसली जॅकेटं काढून दाखवतो त्याचा मला आज लिहितानाही संताप येतोय, कारण एखादं कुटुंब पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून बसलंही असेल त्या होडीत.

बँकेने हात वर केले. झेल तुम्ही स्वतः पाठवलंय, स्वतः पाठवलेले पैसे आम्ही परत आणू शकत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर डिस्प्यूट टाकता आला असता. त्यामुळे परक्या देशात कुणी झेल मागितलं की तिथेच थांबा, कार्ड मशीन बिघडलंय असं म्हणाला तर ते दुरुस्त झाल्यावर या म्हणावं.

मग मरीनाच्या आत जाऊन एका ऑफिसात नीट बुकिंग केलं, कार्डवर, कागदावर बोटीचं नाव, कॅप्टनचं नाव, किती वाजता, किती लोक, हवामानामुळे रद्द झालं तर काय, सगळं लिहून. पैसे जास्त पडले, पण तिथल्या बाईंनी लायसन्स आमच्यासमोर कॉम्प्युटरवर काढून दिली आणि लेकीच्या मापाचं जॅकेट आधी घालून बघितलं. अर्ध्या दिवसात सेलफिश हमखास दाखवतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका असंही सांगितलं, कारण तो मासा बहुतेक वेळा किनाऱ्यापासून वीस-तीस मैल आत असतो, जाण्यायेण्यातच तीनेक तास जातात.

बाबांना सेलफिश दिसला. कॅप्टनने हातमोजा घालून त्याची चोच बोटीच्या कडेला धरली, मासा पाण्यातच, गोल गळ जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला (तिथे सेलफिशला असाच गळ वापरायचा नियम आहे, म्हणजे तो पोटात जात नाही), पाठीवरचं शीड पूर्ण उघडलेलं, त्यावर निळेजांभळे ठिपके अक्षरशः चमकत होते. गळ काढला, मिनिटभर बोटीबरोबर पाण्यातून पुढे नेला आणि सोडला. बाबा कठड्यावरून वाकून बघत होते, नंतर बराच वेळ कुणाशी बोललेच नाहीत.

परत आल्यावर तीच पांढरी, निळ्या पट्ट्याची बोट मरीनात उभी दिसली, अल्बममधली. इंजिन बिघडलेलं वगैरे काही नव्हतं. तिच्या मालकाला फोटोचं विचारलं तर तो वैतागून म्हणाला, दर सीझनला लोक माझी बोट शोधत येतात, मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही. म्हणजे फोटो दाखवणारा बोटीचा असेलच असं अजिबात नाही. आदल्या दिवशी मरीनात जाऊन ती बोट डोळ्यांनी बघा, तिच्यावरच्या माणसाला आपली तारीख विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

पार्कच्या रस्त्यावरही हेच चालतं. केपोसहून मान्युएल आंतोनियोचा घाट उतरताना चमकणारी जॅकेटं घातलेले लोक शिट्टी वाजवत सरळ गाडीसमोर येतात, पुढे पार्किंग फुल आहे, तिकीट इथेच मिळतं, गाईड कंपल्सरी आहे म्हणतात. ते सरकारी नसतात. तिकीट फक्त सिनाकच्या, म्हणजे नॅशनल पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर ऑनलाइन मिळतं, वेळेचा स्लॉट आणि पासपोर्ट नंबर टाकून, आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला टॅक्ससकट अठरा डॉलर. गेटवर तिकीट खिडकी नाही, आणि मंगळवारी पार्क बंद. आमच्या पुढे एक कुटुंब छापील कागदी तिकिटं घेऊन उभं होतं, रस्त्यावर कॅशने घेतलेली. त्यांना परत पाठवलं आणि त्या दिवसाचे ऑनलाइन स्लॉटही संपलेले होते. गाईड घ्यायचा तर जरूर घ्या, दुर्बिणीशिवाय झाडावरचा स्लॉथ आपल्याला दिसत नाही, पण त्याच्याकडे आयसीटीचं, म्हणजे तिथल्या टुरिझम खात्याचं, कार्ड आहे का ते बघा, फोटो आणि तारीख दोन्ही बघा.

फसवणुकीची तक्रार तिथे ओआयजे नावाच्या तपास यंत्रणेकडे करायची असते, तातडीचं काही असेल तर ९११. आम्ही चिठ्ठीचा फोटो, झेलचा स्क्रीनशॉट, त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि होडीचे फोटो जोडून तक्रार दिली. स्पॅनिश येत नसेल तर हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या कुणाला तरी बरोबर न्या, आमच्याबरोबर एक मुलगी आली म्हणून ते झालं. देश सोडायच्या आधी हे उरका, आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, त्या माणसाने त्याचे मेसेज दुपारपर्यंत डिलीट करून टाकले होते.