ओट्यावरचा वजनकाटा: घ्यावा, पण कशासाठी?

बोहरी आळीतून साडेचारशे रुपयांना आणलेला हा काटा आमच्या ओट्यावर येऊन वर्ष होत आलं. 5 किलोपर्यंत तोलतो, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. खोक्यावर कंपनीचं नाव आहे, पण शेजारच्या दुकानात हाच काटा दुसऱ्याच नावाने ठेवलेला होता. त्यामुळे नाव विचारू नका.

घेतला होता माझं वजन उतरवायला, पोळ्यांचे गोळे तोलून. यूट्यूबवरच्या ताया सांगतात ना, गोळा 30 ग्रॅमचा, पोळी मोजून दोन! सकाळी साडेसहाला दोन डबे भरायचे असताना कोण गोळे तोलत बसणार? ते आठवड्यातच बंद पडलं. काट्याचा खरा उपयोग निघाला तेलाला.

तेलाची किटली काट्यावर ठेवायची आणि ‘टेअर’ लिहिलेलं बटण दाबायचं, की आकडा शून्य. मग किटली उचलून नेहमीच्या हाताने कढईत तेल ओतायचं आणि परत जागेवर ठेवायची. आमच्या वांग्याच्या भाजीला आकडा आला उणे 38. म्हणजे 38 ग्रॅम तेल गेलं. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर फोडणीतच जवळजवळ साडेतीनशे कॅलरी, वांगी अजून पडायचीच होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जो दिवसभराच्या ताटाचा नमुना दिला आहे, त्यात 2000 कॅलरींमध्ये तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम. चौघांचा महिन्याचा हिशेब केला तर सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. आमच्याकडे 5 लिटरचा डबा संपून वर एक पिशवी फुटायची, आणि त्यात तूप धरलेलंच नाही. आता डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहिते. बाथरूममधल्या काट्यापेक्षा या तारखेवर माझा जास्त जीव आहे. अंगाचं वजन आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यानेही किलोभर वर जातं. ते नुसतं पाणी असतं हे कळत असूनही सकाळी मन उडतं, आणि मन उडालं की दुपारी फरसाणाचा डबा उघडतो. तेलाचा डबा असा दगा देत नाही. मागच्यापेक्षा चार दिवस जास्त पुरला, की पुरला.

सासूबाईंचा पहिला प्रश्न, “एवढ्याशा तेलात मोहरी तडतडते तरी का गं?” मोठ्या कढईत नाहीच तडतडत, तेल पसरून जातं. म्हणून माळ्यावरची लोखंडी पळी खाली काढली. तिच्यात दोन चहाचे चमचे तेलात फोडणी खमंग होते आणि ती वरून आमटीवर ओतली की त्यांनाही चालते. उसळीला, पालेभाजीला हेच. भरल्या वांग्याला मात्र मी हात आखडता घेत नाही; महिन्यातून एकदा करायची तर नीट करायची.

दुसरा धक्का शेंगदाण्याच्या कुटाचा. आमच्या आमटीच्या वाटीत कूट 80 ग्रॅमच्या आसपास मावतो, म्हणजे साडेचारशे कॅलरी. कोशिंबिरीत मूठभर, भाजीत मूठभर, खिचडीत तर विचारूच नका. उपास करून वजन वाढतं असं आपण हसत म्हणतो, ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

आणि भाकरी. “पोळी सोडली, भाकरी धरली” असं सांगणाऱ्या मैत्रिणींसाठी मी एकदा मुद्दाम पीठ तोललं. माझ्या हातच्या एका भाकरीला ज्वारीचं पीठ लागतं 75 ग्रॅम. तेवढ्याच गव्हाच्या कोरड्या पिठाचे चार फुलके होतात. ज्वारी आणि गहू दोन्हींच्या कॅलरी ग्रॅमला ग्रॅम जवळजवळ सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही आणि पोट भरल्यासारखं राहतं, हा फायदा खरा, पण दोन भाकऱ्या खाऊन पथ्य पाळलं म्हणू नये. गुळाचंही तेच, साखरेहून फार वेगळा नाही, त्यावर आमच्याकडे अजून भांडण चालू आहे.

आता काट्याच्या खोडी. ताट ठेवलं की आकडा ताटाखाली झाकला जातो आणि मान वाकडी करून वाचावा लागतो. दोन मिनिटं हात लावला नाही तर बंद होतो, आणि मधला हिशेब गेला. मीठ, मेथ्या असं चिमटीने हळूहळू टाकलं तर त्याला पत्ताच लागत नाही, 3-4 ग्रॅम एकदम पडले तरच आकडा हलतो. पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो. सेलच्या झाकणातून पाणी आत जातं, म्हणून ओटा पुसताना उचलून ठेवावा लागतो. गरम कढई ठेवायची नाही, वरचं प्लॅस्टिक आहे.

माझं वजन म्हणाल तर 6 किलो उतरलं, तेही रडतखडत, दिवाळीत तर महिनाभर हललंच नाही. त्याआधी डाएटचा डबा लावला होता तेव्हा याहून भरभर उतरलं होतं. डबा बंद झाला आणि सगळं परत आलं, कारण घरची फोडणी तशीच होती.

एक सांगते, लेकीला मी तिचं ताट या काट्यावर ठेवू देत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला घासाघासाचा आकडा कळायची गरज नाही. ज्यांना मुळातच आकड्यांचा नाद लागतो त्यांनीही लांब राहावं. मीसुद्धा आता रोज तोलत नाही. हाताला अंदाज आलाय. सणावारानंतर हात सैल सुटला असं वाटलं, की आठवडाभर किटली पुन्हा काट्यावर.

घेणार असाल तर स्टीलच्या पाटाचा बघा आणि दुकानातच आपलं मोठं ताट ठेवून आकडा दिसतो का ते पाहा. दीडशे रुपये जास्त गेले तरी चालतील. पाच पैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या झाकणाचा कापला.